जेलन हॉटडॉगफिंगर्स ‘आली’ की ‘आला’, आणि त्या परतण्याचा दोष नेमका कोणाचा?

तलावपाळी (ठाणे) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. ठाण्यात आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनकट्टा भरतो. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचे टेबल भिंतीला टेकवून आणि सतरंज्या अंथरून पंचवीस-तीस माणसे बसतात. त्यांतील निम्म्याहून अधिक साठीपुढची असतात, आणि क्रिकेटमधला एकूण एक बारकावा पाठ असलेल्या या मंडळींत बेसबॉलचा एखादा सामना पूर्ण पाहिलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. या वेळी अर्ध्या तासाचे निवेदन माझ्याकडे आले आहे आणि मी विषय दिला आहे ‘ब्लेसबॉल’मधील जेलन हॉटडॉगफिंगर्स. फलकावर हे नाव लिहिताना सचिवकाकांनी ‘हे खायचे आहे की खेळायचे?’ असे विचारले, तेव्हाच पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना आली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॉस एंजेलिसच्या ‘द गेम बँड’ या लहानशा कंपनीने २० जुलै २०२० रोजी ब्लेसबॉल सुरू केला. करोनामुळे लांबलेला अमेरिकेतील खरा बेसबॉलचा हंगाम त्यानंतर तीन दिवसांनी, रिकाम्या मैदानांवर सुरू झाला. ब्लेसबॉलला मैदानच नव्हते. ब्राउझरमध्ये वीस काल्पनिक संघांचे सामने दर तासाला, केवळ मजकुराच्या ओळींमधून उलगडत असत. प्रत्येक संघाचे ९९ सामने आठवड्याभरात उरकत. चाहते खेळातल्या नाण्यांनी पैजा लावत, जिंकलेल्या नाण्यांतून मते विकत घेत आणि रविवारच्या निवडणुकीत पुढच्या हंगामाचे नियम ठरवत. पहिल्याच निवडणुकीत बहुमताने ‘निषिद्ध ग्रंथ उघडावा’ असा कौल दिला. अमेरिकेतल्या २६ जुलैच्या त्या रविवारी (ही तारीख ठाणे-मुंबईकरांना वेगळ्याच कारणासाठी लक्षात असते) निकाल लागला : सूर्याला ग्रहण लागले, पंचांचे डोळे पांढरे झाले, अमेरिकेतील मोआबचे वाळवंट नरकाच्या जबड्यात गेले, आणि सिअ‍ॅटल गॅरेजेस संघाची नामांकित पिचर (म्हणजे आपल्याकडची गोलंदाज) जेलन हॉटडॉगफिंगर्स जळून भस्म झाली. ती मैदानावर कोणाच्या डोळ्यांदेखत गेली नाही. निवडणुकीच्या निकालात एक ओळ आली, एवढेच.

पुढे सहाव्या हंगामाच्या अखेरीस चाहत्यांनी नियमांतील एक फट शोधून तिला परत आणले. परतताना तिच्या नावापुढे ‘ऋण’ असा शेरा लागला होता, आणि तिचा चेंडू ज्या फलंदाजाला लागे तो ‘अस्थिर’ होऊन ग्रहणाच्या वेळी पंचांच्या हातून जळून जाण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढत असे.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला भाषेचा आहे. खेळाने जेलनला कधी लिंग दिले नाही, शरीरही दिले नाही. नाव आणि काही आकडे, एवढेच काय ते दिले. इंग्रजीत नाव पुन्हा पुन्हा लिहून वेळ मारून नेता येते, परंतु मराठीत ‘परत’ या शब्दानंतर क्रियापद आले की निर्णय करावाच लागतो. वर मी ‘ती’ लिहिले आहे, पण मन स्वस्थ नाही. दुसरा प्रश्न असा की, या परतण्याची गोष्ट सांगताना जेलनला अपराधी म्हणून उभे करावे, बळी म्हणून, की दोष दुसऱ्याच कोणाचा आहे?

हा विषय मी का घेतला तेही सांगणे प्राप्त आहे. त्या जुलैत ठाण्यातील टाळेबंदी पुन्हा कडक झाली होती आणि आजोबा रुग्णालयात होते. भेट नव्हती. रोज संध्याकाळी एक फोन येई आणि त्यात आजोबांचे पूर्ण नाव, ऑक्सिजनचा आकडा आणि तापाचा आकडा एवढेच सांगितले जाई. ते गेले त्या आठवड्यात मी रात्री जागून हा खेळ पाहत होते. आजीला जेलनची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकेच म्हणाली, ‘गेलेल्याला असं परत बोलावू नये गं, त्याला वाटेत काय काय सोडावं लागतं ते आपल्याला कुठे ठाऊक असतं.’

सानपाडा_फलाट_दोन

तलावपाळी, पाचव्या हंगामापासून मी हा खेळ नियमित पाहत होतो, त्यामुळे ‘फट शोधली’ या तुमच्या दोन शब्दांत जे गडप झाले आहे ते थोडे सविस्तर लिहितो. श्रोत्यांना खरी गंमत, आणि खरी भीतीही, तिथेच कळेल असे मला वाटते.

प्रत्येक चाहत्याला लीगमधील एक खेळाडू आपले ‘दैवत’ म्हणून निवडता येत असे, आणि कोणाला किती भक्त आहेत याची क्रमवारी सर्वांना दिसत असे. मेलेल्या खेळाडूंची नावे या यादीत येऊ नयेत अशी तजवीज कोणी केली नव्हती, ही झाली पहिली फट. त्याच सुमारास निवडणुकीतील वरदानांमध्ये एक वरदान असे आले की, जो संघ ते जिंकेल त्याला लीगमधील चौदाव्या क्रमांकाचा दैवत-खेळाडू पळवून आणता येईल. पहिला नव्हे, दहावाही नव्हे, नेमका चौदावा. ज्याच्या डोक्यात या दोन गोष्टी प्रथम एकत्र आल्या असतील, त्याला त्या रात्री झोप लागली नसेल.

आता यातली अडचण पाहा. एखाद्याला पहिल्या क्रमांकावर नेणे सोपे असते, कारण सर्वांनी मिळून एकाच दिशेने ढकलले की काम होते. चौदाव्या क्रमांकावर नेऊन तिथेच थांबवणे हे मात्र दहीहंडीच्या थरावर उभे राहून वरच्या गोविंदाला ‘अजून दोन बोटे वर, आता एक खाली’ असे सांगण्यासारखे आहे. भक्त जास्त झाले की जेलन तेराव्या क्रमांकावर सरकणार आणि कमी झाले की पंधराव्या. शिवाय आजूबाजूच्या खेळाडूंचे आकडे स्थिर नव्हतेच, कारण ज्यांना या बेताची गंधवार्ताही नव्हती असे हजारो लोक आपापली दैवते बदलत होते. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली माणसे राखीव म्हणून थांबली. हाक आली की काहींनी दैवत बदलायचे, पुन्हा हाक आली की परत फिरवायचे. मतदान बंद होईपर्यंत हे चालले आणि जेलन चौदाव्या स्थानावर टिकली.

एवढे करूनही ती गॅरेजेसकडेच येईल याची शाश्वती नव्हती. खेळातील हुकूम, म्हणजे सर्व संघांना लागू होणारे नियम, बहुमताने ठरत असत, पण वरदानांसाठी चिठ्ठी निघत असे. ज्या संघाच्या चाहत्यांनी जास्त मते टाकली त्यांच्या चिठ्ठ्या जास्त, परंतु एकाच चिठ्ठीवाल्याचेही नाव निघू शकते, असा तो प्रकार होता. चिठ्ठी निघाली ती गॅरेजेसची. मी त्या वेळी सानपाड्याच्या फलाटावर उभा होतो. अत्यावश्यक सेवेचा पास असल्यामुळे लोकलने जाता येत असे. फोनवर निकाल वाचून मी इतक्या मोठ्याने ‘आली!’ म्हणालो की, शेजारच्या गृहस्थांनी पनवेलच्या दिशेने गाडी पाहायला मान वळवली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर बहुधा त्याच फलाटावर माझ्या तोंडून निघून गेले होते.

एक सूचना करतो. चौदाव्या क्रमांकाची कसरत तोंडाने सांगून समजणार नाही, ती हॉलमध्ये करून दाखवा. एका मोठ्या कागदावर वीस नावे लिहा, प्रत्येकाला एक टिकली द्या आणि जेलनला बरोबर चौदावी आणायला सांगा.

जुनी_खतावणी

मी बेसबॉल पाहिलेला नाही आणि हा खेळही पाहिलेला नाही. माझी मुलगी ऐरोलीला असते, तिने ही चर्चा वाचून दाखवली आणि ‘बाबा, हा तुमचा विषय आहे’ असे म्हणाली, म्हणून लिहितो. ठाणे जिल्ह्यातील एका पतसंस्थेत कर्जवसुलीच्या टेबलावर मी एकतीस वर्षे काढली.

आपण सर्वजण ‘जेलनचे ऋण’ असे म्हणता आहात. माझ्या नोकरीच्या सवयीने मी प्रथम एवढेच विचारीन की, कर्जाच्या अर्जावर सही कोणाची आहे? जेलनने अर्ज केला नाही, करणे शक्यच नव्हते. परत येण्याची इच्छा तिने कोणाला कळवली नव्हती. अर्ज चाहत्यांनी केला, रक्कम (म्हणजे एक जिवंत पिचर) चाहत्यांच्या पदरात पडली, आनंदही त्यांनीच भोगला. मग कर्जदार कोण, याविषयी शंका उरत नाही. फक्त खात्यावर नाव मात्र तिचे लागले. आमच्याकडेही असे होत असे. धंदा मुलाचा असे, उचल मुलाची असे आणि खाते म्हाताऱ्या आईच्या नावाने असे, कारण तिच्या नावावर घर असे. हप्ता थकला की नोटीस त्या बाईंना जाई. त्या पत्ता शोधत शोधत पतसंस्थेत येत, पिशवीतून ती नोटीस काढून टेबलावर सपाट करत आणि विचारत, ‘यात माझं नाव का आलंय, साहेब?’

आता ज्यांना चेंडू लागला त्यांचा विचार करू. मुलगी म्हणाली की, ते निव्वळ बळी आहेत. मला त्यांच्यात जामीनदार दिसतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि हे वाक्य जामीन राहणाऱ्याला सहीच्या वेळी कधीच ऐकू येत नाही. तो चहा पीत असतो, मित्राची नड असते, रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही ठोकून तो मोकळा होतो. तरीही त्याची सही असते. तुमच्या या खेळात ज्या फलंदाजांना चेंडू लागला त्यांची सहीसुद्धा नव्हती. ते परक्या संघाचे होते, त्यांचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता, केवळ वसुली निघाली त्या दिवशी ते समोर उभे होते. असे कर्ज देणाऱ्या संस्थेची तक्रार मी स्वतः निबंधकांकडे नेली असती.

मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. पुढे या ऋणाचे नाव बदलून म्हणे ‘पुनर्वित्त केलेले ऋण’ झाले आणि त्यानंतर ‘एकत्रित ऋण’ झाले. मूळ ऋणात चेंडू लागलेला फलंदाज जळण्याचा धोका असे, दुसऱ्या प्रकारात तो आपला संघ सोडून भलत्याच संघात फेकला जाण्याचा धोका असे, आणि तिसऱ्यात त्याच्या संघाची मांडणीच उलटीपालटी होऊ शकत असे. हे ज्याने लिहिले त्याने वसुलीचे टेबल जवळून पाहिलेले असावे. कर्जाची पुनर्रचना म्हणजे नेमके हेच : झळ सौम्य होते, चार जास्त लोकांत वाटली जाते, कागदावरचे नाव बदलते, आणि खाते काही बंद होत नाही.

मधली_यष्टी (वाशी)

खतावणीकाका, तुमचे म्हणणे वाचताना मजा आली, पण एका ठिकाणी मी आपल्याशी सहमत नाही. सगळा हिशेब कागदाचा केला की चेंडू लागणे ही गोष्ट हलकी होते. बेसबॉलमध्ये ती कधीच हलकी नव्हती.

तलावपाळी, आपल्या श्रोत्यांना आधी हे सांगा की, बेसबॉलमध्ये पिचरचा चेंडू टप्पा न पडता थेट येतो, आणि तो फलंदाजाच्या अंगाला लागला तर फलंदाजाला पहिला तळ (धावेच्या वाटेवरचा पहिला मुक्काम) फुकट मिळतो. आपल्याकडे चेंडू अंगावर घेतला तर फार तर लेग बाय पळता येते. म्हणजे बेसबॉलच्या नियमांत अंगावर लागलेल्या चेंडूची भरपाई आधीपासून लिहिलेली आहे. ब्लेसबॉलमध्ये मात्र जेलन परत येईपर्यंत चेंडू कोणाला लागतच नव्हता. हा प्रकारच तिच्याबरोबर आला.

खऱ्या बेसबॉलमध्ये या भीतीला एक तारीख आहे. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यांकीज संघाचा पिचर कार्ल मेज याने टाकलेला चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमध्ये, चेंडू लागून मरण पावलेला तो एकमेव खेळाडू आहे. त्या काळी शिरस्त्राण नव्हते, चेंडू मळून मातकट झाला तरी तोच वापरला जाई आणि संध्याकाळच्या उजेडात तो नीट दिसत नसे. चॅपमननंतर मळके चेंडू लगेच बदलण्याची शिस्त आली, पण शिरस्त्राण सक्तीचे व्हायला १९७१ उजाडावे लागले, आणि तेही नव्याने येणाऱ्या खेळाडूंपुरते. मेज पुढे १९२९ पर्यंत खेळला, त्याच्या नावावर २०७ विजय आहेत आणि तरीही थोर खेळाडूंच्या ‘हॉल ऑफ फेम’ या मानाच्या दालनात तो नाही. त्याच्याविषयी कोणीही बोलू लागले की पहिल्या वाक्यात चॅपमन येतो.

या घटनेला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी एका काल्पनिक खेळात मृत्यू पुन्हा अंगावर लागलेल्या चेंडूच्या रूपाने आला. हे ठरवून केले होते की नाही यात मी शिरत नाही. माझा मुद्दा एवढाच की, मेजकडे हात होता, इच्छा होती, फलंदाजाला मागे रेटण्यासाठी आतल्या बाजूला चेंडू टाकण्याची सवय होती, म्हणून त्याला प्रश्न विचारता येतो. जेलनकडे यातले काहीच नव्हते. फासे संगणक टाकत होता. तिच्या माहितीच्या साठ्यात ‘निष्ठुरपणा’ या नावाचा एक आकडा होता हे खरे, पण तो त्या खेळातील प्रत्येकाच्याच नावापुढे असे आणि चेंडू किती चांगला पडतो याच्याशी त्याचा संबंध होता. त्यावरून तिला निष्ठुर म्हणणे म्हणजे फिरकी गोलंदाजाला कपटी म्हणण्यासारखे आहे.

म्हणून तिला अपराधी म्हणू नका, आणि बळीही म्हणू नका. ती आपल्या कामावर परत आलेली पिचर होती. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला मी गेलो होतो. पावसामुळे उशिरा सुरू झालेला तो सामना संपायला मध्यरात्र झाली तरी उठून गेलेले कोणी मला दिसले नाही. त्या गर्दीत बसून पाहिले तर गोलंदाज धावत निघाली की स्टेडियमभरची माणसे आपापली इच्छा तिच्या हातात नेऊन ठेवतात. चेंडू सुटल्यावर कोणाची इच्छा कुठे लागली याचा हिशेब त्या मुलीकडे मागायचा नसतो.

जुनी_खतावणी

मधली_यष्टी, हे मान्य. मात्र इच्छा ठेवणाऱ्यांकडे तो मागायचा की नाही, ते आपण सोयीस्करपणे सोडून दिलेत.

शब्दांची_झोळी (नेरुळ)

मी फक्त भाषेच्या प्रश्नावर लिहिते.

मराठीत लिंग टाळून लिहिण्याच्या तीन वाटा मला दिसतात. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ती व्यक्ती परत आली’ हे वाक्य पुरुषालाही चालते. ‘पात्र’ नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘ते पात्र परत आले’ असे म्हणता येते. आणि ‘जेलनचे परतणे’, ‘जेलनचे जळणे’ अशी धातुसाधित नामे वापरून क्रियापदाची गाठच पडू न देणे ही तिसरी वाट. तिन्ही मी लिहून पाहिल्या. ‘व्यक्ती’ म्हटले की पोलिसांच्या पंचनाम्याचा वास येतो. ‘पात्र’ म्हटले की आपण बाहेर उभे राहून नाटक पाहत आहोत असे वाटते, आणि मग आपल्याला आजोबांची आठवण का यावी ते श्रोत्यांना कळणार नाही. तिसऱ्या वाटेने एक परिच्छेद छान निभावतो, दुसऱ्या परिच्छेदात धाप लागते. आदरार्थी अनेकवचनानेही सुटका नाही, कारण तिथेही ‘आले’ आणि ‘आल्या’ हे दोन दरवाजे आहेतच. ‘खेळाडू’ हा शब्द मात्र गुणी आहे, तो दोन्हीकडे चालतो. पण तो एकटा तरी किती ओझे वाहणार?

इंग्रजीत लिहिणारे बरेच चाहते जेलनसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरतात, तरी तो खेळाचा निर्णय नव्हता. चाहत्यांनी या खेळाडूंची चरित्रे लिहिली, चित्रे काढली, गॅरेजेस संघाच्या नावाने चक्क गाण्यांचा बँड काढला, आणि त्यांच्या संकेतस्थळांवर एकाच खेळाडूच्या परस्परविरोधी हकिकती शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. आपल्याला यात नवल वाटू नये. एकाच ग्रामदेवतेच्या दोन कथा अलीकडच्या आणि पलीकडच्या गावात सांगितल्या जातात आणि जत्रा दोन्हीकडे भरते.

म्हणून माझा सल्ला असा की, ‘ती’ वापरा, पण पहिल्याच मिनिटाला श्रोत्यांना सांगून टाका की, ही ‘ती’ तुमची आहे. नाव आणि आकडे खेळाने दिले. उरलेले सगळे माणसांनी दिले आणि त्यात मराठीने आपल्या वाट्याचे म्हणून हे एक अक्षर दिले.

जाता जाता एक गोष्ट. ग्रहणाचा भाग सांगाल तेव्हा ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही आरोळी अवश्य आठवा. आमच्या लहानपणी नेरुळचे सेक्टर अर्धे रिकामे असताना ग्रहण लागले की लांबून ही आरोळी येई आणि आई दारात जुने कपडे आणि धान्य काढून ठेवी. सूर्य सुटावा म्हणून आपण काही तरी द्यायचे, हा हिशेब तुमच्या साठीपुढच्या श्रोत्यांना कोणी शिकवावा लागणार नाही.

सानपाडा_फलाट_दोन

एक भर घालतो. २ जून २०२३ रोजी कंपनीने ब्लेसबॉल कायमचा बंद होत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे मूळ खेळ आता दाखवता येणार नाही. परंतु चाहत्यांच्या एका संशोधन मंडळाने जवळजवळ सगळा खेळ ओळीओळीने नोंदवून ठेवला आहे आणि जुने हंगाम जसे घडले तसे पुन्हा पाहता येतात. हॉलमध्ये प्रोजेक्टर असेल तर सातव्या हंगामातला जेलनचा एखादा सामना पाच मिनिटे चालू द्या. त्यात काहीही दिसत नाही. नुसत्या ओळी सरकत राहतात आणि तरीही माणसे श्वास रोखून बसतात.

तलावपाळी (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यक्रम झाला, त्याचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

‘ती’ वापरले आणि झोळीताईंनी सांगितल्याप्रमाणे सुरुवातीलाच कबुली दिली. चॅपमनची हकिकत सांगताना हॉलमध्ये शांतता पसरली. खतावणीकाकांचा जामीनदार आला तेव्हा दुसऱ्या रांगेतले एक आजोबा ‘अगदी बरोबर, अगदी बरोबर’ असे म्हणत राहिले आणि त्यांच्या पत्नीने त्यांना कोपराने ढोसले, त्यावरून त्या घरात काही इतिहास असावा. प्रोजेक्टर नेहमीप्रमाणे चालला नाही.

टिकल्यांचा प्रयोग मात्र रंगला. भिंतीवर कागद चिकटवून वीस नावे लिहिली होती, त्यांत एकोणीस पदार्थांची आणि एक जेलनचे. सचिवकाकांच्या पहिल्या शंकेचा मान राखण्यासाठीच पदार्थ निवडले. हॉलमध्ये माझ्याशिवाय सत्तावीस जण होते. पहिल्या फेरीत सर्वांना मोकळीक दिली, तर नावाची गंमत वाटून अकरा जणांनी जेलनपुढे टिकली लावली आणि ती पुरणपोळीच्याही वर जाऊन पहिली आली. दुसऱ्या फेरीत चौदावी आणायची असे ठरताच प्रत्येकाने ‘दुसरा कोणी तरी लावील’ असा विचार केला आणि जेलनपुढे एकही टिकली पडली नाही. कागदावर दोन रंगांच्या टिकल्या, खाली पडलेल्या टिकल्या तळपायांना चिकटलेल्या, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाई उठल्या. त्यांनी बोटांवर काही मोजले आणि सांगितले की, सत्तावीस जणांत हे साधायचे असेल तर एकच मार्ग आहे : तेरा नावांपुढे प्रत्येकी दोन टिकल्या, जेलनपुढे एक, बाकीच्या सहांपुढे काहीही नाही. मग प्रत्येकाने शेजारी बसलेल्याशी जोडी करायची आणि जोडीने एक पदार्थ घ्यायचा असे ठरले. बहुतेक नवरा-बायकोच शेजारी होते, मुलांनी मुलांशी जोड्या केल्या, सचिवकाकांना पहारेकरी मामा मिळाले. तेरा जोड्या झाल्या आणि खांबाजवळच्या खुर्चीवर आजी एकटी राहिली.

ती काठी टेकत भिंतीपाशी आली. चश्मा कपाळावर चढवून तिने जेलनचे नाव बोटाने शोधले, टिकली लावली आणि ती नीट बसावी म्हणून अंगठ्याने बराच वेळ दाबून धरली. मागे टाळ्या चालू होत्या. त्या थांबल्यावर आजीने माझ्याकडे वळून विचारले, ‘आणली बाई हिला. आता ही उतरणार कोणाच्या घरी?’